एअर पिस्तूल: पेलेटचा ४.४९ की ४.५०, वजन, बॅच... खरंच किती फरक पडतो?

दहाच्या_आत (धागाकर्ता)

१० मीटर एअर पिस्तूल, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं), २०० बार दाबाचा सिलिंडर. ६० शॉटला स्कोअर ६०० पैकी ५५० ते ५५८ मध्ये अडकलाय. सध्या ०.५३ ग्रॅमचे मॅच पेलेट (स्पर्धेसाठीच्या शिशाच्या छोट्या गोळ्या) वापरतो, डोक्याचा व्यास ४.५० मिमी. दुसऱ्या एका डब्यातले ४.४९ चे हातावरून मारून पाहिले. पाच शॉटचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २६ मिमी आला, ४.५० चा ३३ मिमी. म्हणजे ४.४९ कडे वळावं का?

शिवाय रेंजवर तीन जणांकडून तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो पिस्तुलाला ०.४५ ग्रॅमचे हलकेच पेलेट हवेत. दुसरा म्हणतो प्रत्येक पेलेट तोलून घे. तिसऱ्याचं म्हणणं, बॅच (कारखान्यातली एकाच खेप) जुळली नाही तर बाकी सगळं व्यर्थ. नेमकं कुठून सुरुवात करू? शक्यतो आकड्यांत सांगा.

फोरसाइट

आकड्यांत हवंय तर आधी तुमचे दोन ग्रुपच घेऊ. २६ मधून पेलेटचा व्यास ४.५ ढोबळमानाने वजा केला की केंद्र ते केंद्र २१.५ मिमी, ३३ मधून केला की २८.५. ५५५ च्या आसपास मारणाऱ्याचे शॉट आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना साधारण ८ मिमी प्रमाण विचलनाने पसरलेले असतात. एवढ्या पसाऱ्यात पाच शॉटच्या ग्रुपची सरासरी रुंदी २४–२५ मिमी येते, आणि एकेक ग्रुप त्याच्या पाव हिश्शाने सहज कमी-जास्त होतो. म्हणजे १८ पण येणार आणि ३१ पण येणार, पेलेट तेच असले तरी. तुमचे दोन्ही आकडे या पट्ट्यात बसतात. ४.४९ आणि ४.५० मध्ये तुम्हाला अजून काहीही फरक दिसलेला नाही. दिसला तो तुमच्या हाताचा पसारा.

आता पेलेटचा वाटा किती ते बघा. चांगलं मॅच पेलेट चांगल्या नळीतून, पिस्तूल पक्कं आवळून मारलं तर विचलन ०.६ मिमीच्या आसपास राहतं. दहा शॉटचा ग्रुप केंद्र ते केंद्र सव्वादोन-अडीच मिमी, कडेपासून कडेपर्यंत सातच्या आत. नळीला न मानवणारा डबा असेल तर हेच विचलन दीड मिमीपर्यंत जाऊ शकतं, ग्रुप कडेपासून कडेपर्यंत १० मिमी. हे दोन पसारे सरळ बेरजेने मिळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने मिळतात. ८ चा वर्ग ६४, त्यात दीडचा वर्ग सव्वादोन मिळवा, वर्गमूळ येतं ८.१४. आठाचं ८.१४ झालं, बस्स.

गुणांत सांगायचं तर १० चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे आणि पेलेटची कड रेषेला लागली तरी १० मिळतो, म्हणून पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवं. पुढचं प्रत्येक वर्तुळ आणखी ८ मिमी बाहेर. या मापाने ८.० ऐवजी ८.१४ चा पसारा झाला तर ६० शॉटमागे सव्वा-दीड गुण जातो. ५८३ मारणाऱ्याचा पसारा ५ मिमीच्या आसपास असतो. त्याच्याकडे तोच खराब डबा गेला तर दोन गुण जातील. त्याला ते दोन गुण फायनलच्या आत-बाहेर करू शकतात. तुमच्या बाबतीत दीड गुण रोजच्या चढउतारात दिसणारही नाही.

तरी पेलेटकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही, पण कारण वेगळं आहे. शॉट सुटला तेव्हा फोरसाइट (नळीच्या पुढच्या टोकाचं निशाण) कुठे होतं हे तुम्ही मनात नोंदवता आणि मग स्क्रीन बघता. खराब डब्यातून अधूनमधून एखादं पेलेट चार-पाच मिमी भलतीकडे गेलं की ही नोंद आणि स्क्रीन जुळत नाहीत. मग माणूस नसलेली चूक दुरुस्त करायला लागतो, साइट फिरवतो, ग्रिपला पुटी लावतो. म्हणून एक भरवशाचा डबा हवा, सर्वोत्तम डबा शोधत बसायची गरज नाही.

०.४५ की ०.५३ याबद्दल: हलकं पेलेट नळीतून थोडं लवकर बाहेर पडतं हे खरं, पण तो फरक मिलिसेकंदाच्या एक-दोन दशांशाचा आहे. त्यावरून निवड करू नका. तुमच्या नळीला जे मानवतं ते घ्या. पिस्तुलासाठी म्हणून मिळणारे आरडब्ल्यूएस आर१० ०.४५ ग्रॅमचे असतात, एच अँड एन फिनाले मॅचचे हलके ०.४९ चे. अनेक नळ्या ०.५३ चे रायफलचे पेलेट तितकेच नीट मारतात.

बार२००

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फक्त पेलेटची परीक्षा घेण्याआधी पिस्तुलाची घ्या. नाहीतर दोष रेग्युलेटरचा (सिलिंडरच्या हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) आणि बदनाम होणार डबा.

पहिलं म्हणजे वेग. मॅच पिस्तूल साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने मारतं. १० मीटर जायला पेलेटला ७ शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ते २३–२४ मिमी खाली येतं. वेग ५ मी/से ने बदलला तर हा उतार दीड मिमीने बदलतो, म्हणजे दशांश गुणांत मोजलं तर जवळजवळ ०.२ गुण. क्रोनोग्राफ (वेग मोजणारं यंत्र) नळीच्या तोंडापासून मीटरभर अंतरावर ठेवा, दहा शॉट घ्या. कमाल आणि किमान वेगातला फरक ३–४ मी/से च्या आत असेल तर पुढे जा. आठ-दहा मी/से येत असेल तर पेलेट बदलून काही होणार नाही.

तो फरक कसा विखुरलाय त्यावरून दोष कळतो. फक्त पहिला शॉट जोरात आणि बाकी सगळे सारखे असतील तर रेग्युलेटर सरकतोय, म्हणजे पिस्तूल पडून असताना रेग्युलेटरच्या पुढच्या खोलीत दाब हळूहळू वाढतो आणि पहिल्या शॉटला बाहेर पडतो. थोडंसं असेल तर सायटिंगचे (स्पर्धेआधीच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉटमधले) पहिले दोन-तीन शॉट वाया गेले समजा, जास्त असेल तर सर्व्हिसिंग. प्रत्येक शॉटला वेग थोडा थोडा उतरत गेला तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेलाय. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो. मॅन्युअल सापडत नसेल तर ८० बारच्या खाली मारूच नका. आणि वेग कुठलाही क्रम न ठेवता वरखाली होत असेल तर नळीच्या मागच्या तोंडाची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बघा.

ती ओ-रिंग तपासायची सोपी रीत: टिश्यू पेपरची बोटभर रुंद पातळ पट्टी फाडा, पेलेट भरून लोडिंग पोर्ट (पेलेट भरायची जागा) बंद करा, पट्टी सांध्यावर अलगद ठेवा आणि नळी पेलेट ट्रॅपकडे (पेलेट अडवणाऱ्या पेटीकडे) ठेवून शॉट मारा. पट्टी हलली किंवा उडाली तर हवा मागून गळतेय. रिंग स्वस्तातली गोष्ट आहे. बदलताना टोकदार लोखंडी सुई वापरून खाचेला ओरखडा पाडू नका, लाकडी टूथपिकने निघते. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस जास्त दाबाच्या हवेच्या वाटेत कधीच नाही, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. त्याच कारणाने सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. फक्त कोरडी हवा.

भरताना घाई नको. झपाट्याने भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर दहा-पंधरा बारने खाली येतो. हातपंपाने भरत असाल तर पंपाचं पाणी काढायचा स्क्रू मधून मधून सोडा, पाणी रेग्युलेटरमध्ये गेलं की वेगाचा खेळखंडोबा सुरू होतो. आणि सिलिंडरवरची तारीख बघून ठेवा. ती उलटून गेलेली नाही ना हे पाहणं आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे नेमबाजाचंच काम आहे, उपकरण तपासणीत सबब चालत नाही.

दुसरं, नळीचं तोंड. कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावरचा, झटका कमी करणारा भाग) काढून आतून बघा. शिशाचा करडा थर भोवताली सारखा असेल तर ठीक. एकाच बाजूला जाड थर किंवा चकचकीत घासलेली रेघ दिसली तर पेलेट निघताना तिथे चाटून जातंय, किंवा कॉम्पेन्सेटर तिरका बसलाय. कापसाच्या काडीने साफ करा, सरळ बसवा, स्क्रू आवळा. तसंच नळी फ्रेमला धरणारा स्क्रू, मागच्या साइटचा हालता भाग, ग्रिपचा स्क्रू. साइट दोन बोटांत धरून अलगद डावी-उजवीकडे हलवून बघा. जाणवण्याइतका सैलपणा असेल तर तुमचं "फ्लायर" (भलतीकडे गेलेला शॉट) तिथे राहतं.

मिलिग्रॅम

वजन करण्याला वरचे दोघे फारच हलक्यात घेताहेत असं वाटतं. एकाच डब्यातली पेलेट तोलली तर ०.५२५ ते ०.५३५ पर्यंत सापडतात. त्यांचे गट पाडून मधला गट स्पर्धेला ठेवला तर निदान एक कारण तरी बाद होतं. काटा मात्र ०.०१ ग्रॅमचा चालत नाही, तो सगळ्यांना ०.५३ च दाखवणार. ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा, पंख्याखाली नको, आणि दर वीस-पंचवीस पेलेटनंतर शून्य तपासायचं.

फोरसाइट

@मिलिग्रॅम, काट्याबद्दलचं सगळं बरोबर. पण हिशेब करा. ०.००५ ग्रॅम म्हणजे ०.५३ चा एक टक्का. वजन एक टक्क्याने वाढलं तर वेग साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होतो, उतार एक टक्क्याने वाढतो, म्हणजे २४ मिमीचा एक टक्का, पाव मिमीही नाही. त्यासाठी ५०० पेलेट चिमट्याने उचलायची, प्रत्येक उचलण्यात स्कर्ट (पेलेटचा मागचा पोकळ घेर) वाकायची शक्यता घ्यायची, हा सौदा परवडणारा नाही. वजनात एखादं पेलेट फारच वेगळं निघालं, समजा ०.०२ ग्रॅमने, तर ते साच्यातच बिघडलेलं असतं. पण तसं पेलेट बहुतेक वेळा नजरेलाही दिसतं.

वजनापेक्षा आकार बघा. पेलेटचं डोकं रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) उंच धारांवर टेकून पेलेटला सरळ ठेवतं, आणि मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून खाचा बंद करतो. स्कर्ट एका बाजूला चेपलेला असेल तर तिथून हवा आधी निसटते आणि पेलेट नळी सोडतानाच डोलायला लागतं. फ्लायरचं हे सगळ्यात सरळ कारण, आणि ते काट्यावर दिसतच नाही. तोलून बघण्यात घालवायचा वेळ पेलेट उजेडात मागून बघण्यात घाला. स्कर्टची कड पूर्ण गोल हवी. शंका असेल तर काचेच्या तुकड्याला किंचित उतार देऊन त्यावरून घरंगळू द्या. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्याने ते कमानीत वळतंच, तो दोष नाही. गचके खात किंवा लंगडत घरंगळलं तर बाजूला काढा.

मिलिग्रॅम

पाव मिमीचा हिशेब मान्य. तरी दिसण्यात आणि वजनात दोन्हीकडे वेगळं निघालेलं पेलेट मी बाद करणारच, सरावाला वापरीन. :)

नळीसफाई

डबा हाताळण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उत्तम बॅचचा डबा एकदा फरशीवर पडला की त्यातली निम्मी पेलेट संशयित. डबा हलवून "किती उरलेत" बघायची सवय सोडा. पेलेट शिशाची असतात, एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपतात आणि तळाशी शिशाची भुकटी साठते. ती भुकटी पेलेटला चिकटून नळीत जाते. डब्यातून मुठीने किंवा चिमटीने ओरबाडून काढू नका. मऊ कापडावर अलगद पन्नासेक ओता, भुकटी कापडावर राहील, मग एकेक ट्रेमध्ये डोकं वर करून ठेवा. झाकणाखाली फोमची चकती असेल तर टाकून देऊ नका, अर्धा रिकामा डबा बंद करताना तीच पेलेट दाबून धरते.

मॅच पेलेटवर कारखान्यातूनच तेलाचा हलका थर असतो. साबणाने धुणं, वरून दुसरं तेल लावणं हे प्रकार नकोत. धुतलं की शिसं उघडं पडतं, पांढरट होतं आणि नळीत जास्त चिकटतं. पांढरी पूड धरलेली जुनी पेलेट सरावालाही वापरू नयेत.

भरताना पेलेट अंगठ्याने दाबून घुसवू नका. ते सरळ ठेवा, बोल्टच्या टोकाला ढकलू द्या. लीव्हर बंद करताना नेहमीपेक्षा जड लागला तर थांबा. पेलेट तिरकं आहे, उलटं आहे, किंवा आधीचं आतच राहिलंय. जोर लावून बंद केलं की ते पेलेट वाया जातंच, शिवाय ओ-रिंगलाही कड लागते.

सफाईचं म्हणाल तर कमी केलेलीच बरी. दर डब्यामागे एकदा, किंवा ग्रुप उघड मोठा झाला तर. फेल्टच्या गोळ्या मागून पुढे, म्हणजे पेलेट जातं त्याच दिशेने. लोखंडी गज किंवा पितळी ब्रश एअर पिस्तुलाच्या नळीत घालू नये, नळी मऊ पोलादाची असते आणि तोंडाची कड एकदा बिघडली की ती पुन्हा येत नाही. सफाईनंतर पहिले दहा-वीस शॉट इकडेतिकडे जातील, नळीवर शिशाचा पातळ सारखा थर बसेपर्यंत. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी लखलखीत करण्याचा उत्साह आवरावा.

हात साबण आणि गार पाण्याने धुवा, रेंजवर खाणं नको, पेलेट ओठांत धरून भरायची सवय असेल तर आजच सोडा. ट्रॅप रिकामा करताना कोरडा झाडू मारू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा.

दहाच्या_आत

खूप आभार. क्रोनोग्राफ मिळू शकेल. ओ-रिंग आणि तोंड आधी तपासतो. पण पक्कं आवळून मारायचं म्हणजे नेमकं कसं? रेंजच्या वर्कशॉपमध्ये साधा व्हाइस (वस्तू आवळून धरणारा शिकंजा) आहे. नळी धरून आवळली तर चालेल?

बार२००

नळी नाही आणि सिलिंडर तर मुळीच नाही. सिलिंडर २०० बारचं भांडं आहे, त्यावर व्हाइसचा जबडा ठेवण्याचा विचारही नको. नळी आवळली की ती वाकते, अगदी थोडी, पण तुम्ही मोजणार आहात तेही थोडंच आहे.

लाकडी ग्रिप काढा. तिच्याखाली फ्रेमचा धातूचा दांडा दिसेल, ट्रिगरच्या मागे खाली जाणारा. तो धरायचा. व्हाइसच्या दोन्ही जबड्यांवर जाड चामडं किंवा कडक रबराची पट्टी लावा. पिस्तूल हललं नाही पाहिजे, इतपत आवळा. फ्रेम चेपेपर्यंत आवळायचं कारण नाही. रिकॉइल (शॉटचा झटका) शोषणारा भाग असलेलं मॉडेल असेल तर तो मोकळा हलतोय ना ते बघा, जबडा त्याला टेकता कामा नये. व्हाइस ज्या टेबलावर आहे ते टेबल भिंतीला किंवा जमिनीला बांधलेलं हवं. हलक्या टेबलावर तुम्ही कोपर टेकलात तरी १० मीटरवर मिमीभराचा फरक पडतो.

ट्रिगर हाताने ओढायचा, पण फ्रेमला बोट न लावता. फक्त पातीवर, सरळ मागे. चापाचं वजन ५०० ग्रॅमच असल्याने एवढं जमतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर आणखी सोपं. प्रत्येक शॉटनंतर मागून साइटमधून एकदा बघा. टार्गेटवरची जागा सरकलेली दिसली तर तो ग्रुप तिथेच सोडून द्या.

फोरसाइट

पद्धत माझ्याकडून. चार प्रकार घ्या, जास्त नको. उदाहरणार्थ तुमच्याकडचे ०.५३ चे ४.५०, त्याच ब्रँडचे ४.४९, ०.४५ चे ४.४९ आणि आणखी एखादा ब्रँड. क्रम लावा: अ, ब, क, ड, मग उलट ड, क, ब, अ, आणि पुन्हा अ, ब, क, ड. असं केल्याने दाब उतरत गेला किंवा नळीत शिसं साठत गेलं तर त्याचा फटका सगळ्यांना जवळपास सारखा बसतो. सिलिंडर १८० ते १२० बारच्या दरम्यान ठेवा. प्रकार बदलला की पहिले पाच-सात शॉट मोजू नका. प्रत्येक पेलेटवरचा तेलाचा थर वेगळा असतो आणि नळीला नव्याची सवय व्हायला तेवढे लागतात.

प्रत्येक प्रकाराचे तीन ग्रुप, प्रत्येकी दहा शॉट. पाच-पाच नको, कारण वर सांगितलं. चार प्रकारांचे बाराही ग्रुप एका बैठकीत झाले तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या दिवशी चारही प्रकार पुन्हा मारावे लागतील, एकट्या ड चे उरलेले मारून भागणार नाही.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचा एक्स आणि वाय मिळतो. दहा शॉटचं सरासरी केंद्र काढा, त्या केंद्रापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढा, अंतरांची सरासरी घ्या. ग्रुपची रुंदी फक्त दोन टोकांच्या शॉटवर ठरते, बाकी आठ शॉट काय करत होते ते कळतच नाही. सरासरी अंतरात दहाही शॉट बोलतात. चांगल्या पेलेटचं सरासरी अंतर पाऊण मिमीच्या आसपास येईल. दीड-पावणेदोनच्या वर गेलेला डबा सरावाला. प्रत्येक ग्रुपचं केंद्र त्याचं त्यानेच मोजायचं. तीनही ग्रुप एकावर एक ठेवून मोजलंत तर व्हाइसचं सरकणंही पेलेटच्या नावावर जाईल.

कागदावर मारत असाल तर प्रत्येक शॉटला वेगळा कागद किंवा निदान दोन-तीनच शॉट एका कागदावर, नाहीतर एकच फाटकं भोक उरतं आणि त्यात काही वाचता येत नाही. जाड टार्गेट कार्ड घ्या. भोक पेलेटपेक्षा किंचित लहान पडतं, म्हणून कडेपासून कडेपर्यंतच्या मापातून ४.५ वजा करू नका. त्याच कागदावर सुटं पडलेलं एक भोक मोजा आणि ते वजा करा.

तीस शॉटनंतरही या सरासरीत दहा टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे राहतंच. त्यामुळे ०.७४ आणि ०.८० मध्ये विजेता ठरवू नका, ते सारखेच आहेत. ०.७५ आणि १.१ मध्ये मात्र फरक आहे, आणि तो पुढच्या वेळीही दिसेल.

आणि व्हाइस उपलब्ध नसेल तर? मग सरळ कुठलंही नावाजलेलं मॅच पेलेट, ४.४९ किंवा ४.५०, एकाच बॅचचे डबे, आणि विषय बंद. हातावरून मारून व्यास ठरवणं ५५५ लाच काय, ५७५ लाही जमत नाही.

दहाच्या_आत

शेवटचा प्रश्न. एक प्रकार ठरला तर किती डबे एकदम घ्यायचे? आणि त्याच ब्रँडचा, त्याच व्यासाचा पुढचा डबा दुसऱ्या बॅचचा निघाला तर?

नळीसफाई

व्यास तोच म्हणून पेलेट तेच, असं नसतं. ४.५० हा आकडा लेबलावर सारखाच राहतो, पण साचा झिजतो, शिशाची तार वेगळ्या लॉटची येते, स्कर्टची जाडी बदलते. म्हणून डब्याच्या मागे किंवा कडेला छापलेला बॅच नंबर लिहून ठेवा, लेबलाचा फोटो काढून ठेवला तरी चालेल. नंबर जुळणारे डबे घ्या. तुम्ही महिन्याला किती मारता त्यावर बघा, पण ५०० चा डबा नियमित सरावाला फार दिवस पुरत नाही. स्पर्धेचा एक हंगाम निघेल इतके एका बॅचचे घ्या. सरावालाही शक्यतो तेच वापरा, म्हणजे सायटिंगमध्ये आश्चर्य नको. थंड, कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवले तर खराब होत नाहीत.

नवी बॅच आली तर पूर्ण परीक्षा नको. जुन्या बॅचची पन्नासेक पेलेट मुद्दाम मागे ठेवा. जुनी दहा, नवी दहा, जुनी दहा, नवी दहा, व्हाइसमधून. नव्याचं सरासरी अंतर जुन्याच्या जवळपास असेल तर पुढे चला. केंद्र मिमी-दोन मिमी वरखाली सरकलेलं असेल तर घाबरू नका, ते साइटवर भरून निघतं. ब्रँड तोच ठेवून ०.५३ वरून ०.४५ वर गेलात तरी शॉट तीन-चार मिमी वर जातात, कारण हलकं पेलेट वेगाने जातं आणि कमी उतरतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मात्र हे काही करू नका, आहे तो डबा वापरा.

बार२००

+१. आणि ओ-रिंग बदलली, रेग्युलेटरची सर्व्हिसिंग झाली किंवा नळी सैल होऊन पुन्हा आवळली, की आधीच्या पेलेट परीक्षेचे आकडे बाद धरा. जुन्या पन्नासांतली वीस व्हाइसमधून मारून बघा, सरासरी अंतर तेच आलं तरच जुन्या वहीवर विसंबा.